आधी मी चाटून पाहिले

नातीला आठवा महिना लागला आणि हाताला येईल ते तिच्या तोंडात जाऊ लागलं. तिच्यासाठी ठोकळे करायचे म्हणजे ते आधी चघळायचे, मग रचायचे.

भवानी पेठेतल्या वखारीत मी साग मागितला. मिस्त्री म्हणाले, "काका, साग दाराखिडक्यांना. पोरीला शिवण न्या." शिवण हलकी, फिकट पिवळी, एकदा नीट वाळली की सहसा वाकत नाही. सागाच्या भुशानं माझे हात खाजतात, म्हणून वाद घातला नाही. खोक्याचं पाइन फुकट मिळत होतं, पण त्यावर 'एमबी' असा शिक्का होता. म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. नको.

ठोकळे ४५ मिलिमीटरचे कापले. लहान मुलांच्या खेळण्यांसाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात. त्यात जो तुकडा आख्खा बसतो, तो घशात अडकू शकतो. कडा कानशीनं मारल्या, १२० आणि मग २२० नंबरचा पॉलिश पेपर फिरवला. हाताला लोण्यासारखं लागलं. तिथंच बहुतेक लोक थांबतात. मी एक ठोकळा ओल्या फडक्यानं पुसून उन्हात ठेवला. तासाभरानं बोट फिरवलं तर दाढी न केलेल्या गालासारखा खरखरीत! पाण्यानं दबलेले रेषे उठून उभे राहतात. लाळेनंही तेच झालं असतं. पुन्हा पेपर, पुन्हा पाणी. तिसऱ्या वेळी रेषे उठले नाहीत. मग मी तो चाटूनही पाहिला. बायकोनं फोटो काढला, त्याबद्दल अधिक न बोललेलं बरं.

माळ्यावर लाल ऑइलपेंटचा जुना डबा होता. घरगुती रंगातल्या शिशावर दशलक्ष भागांत ९० ची मर्यादा २०१७ पासूनची. डबा त्याच्याही आधीचा. तो तसाच राहिला. चपड्याचं पॉलिश सुंदर दिसतं, गोळ्यांवरही चपड्याचा मुलामा असतो. पण ओल लागली की पांढुरकं पडतं. खोबरेल वाळतच नाही. उरलं जवसाचं तेल. तेही कच्चं, कारण दुकानातल्या 'डबल बॉइल्ड'मध्ये लवकर वाळावं म्हणून धातूंचे क्षार घालतात.

पहिला हात दिला तेव्हा चारही बाजू नुसत्या ओलावल्या. करवतीनं आडवी कापलेली दोन टोकं मात्र तेल पितच राहिली आणि मधाच्या रंगाची झाली. तेलकट फडकी दोरीवर पसरून वाळवली. जवसाच्या तेलाचा बोळा आपोआप तापून पेटू शकतो. ठोकळे महिनाभर गॅलरीत राहिले. वास पुरता गेल्यावरच घरात आणले.

दुसऱ्या दिवशी एका कोपऱ्यावर दोन बारीक खाचा दिसल्या. वरचे दात अजून यायचेत.