दशावतारातली जुगलबंदी आणि तुमचं काउंटर

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात बार्ड टोमणा मारतो, शत्रू घायाळ होतो आणि त्याचा पुढचा वार ढिला पडतो. आपल्या जत्रेतल्या दशावतारात हे कधीपासून चालतंय! राजा नि राक्षस पखवाज-झांजेवर तलवारी फिरवतात, पण त्याआधी शब्दांनी भिडतात. लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली, संवाद रंगमंचावरच सुचलेले. म्हणून समोरच्याचं वाक्य नीट ऐकावंच लागतं. राजा भारदस्त मराठीत गरजतो, तर वेद चोरणारा संकासुर मालवणीत फिरकी घेऊन लोकांना हसवतो.

आता काउंटरवर या. गिऱ्हाईक म्हणतं, "ऑनलाइन काजू स्वस्त मिळतात." पाठ केलेलं भाषण सुरू केलंत की गिऱ्हाईक गेलं. लगेच भाव पाडलात की नफा गेला. त्याचाच शब्द उचला: "मिळतत ना! पण थंय चाखूक कोण देता? घेवा, एक खावन बघा." ते हसलं की पुढचं "कमी करा" जरा मऊ येतं.

टोमणा मात्र ऑनलाइनवाल्याला, गिऱ्हाइकाला नाही. नाटकातला राक्षस मरून उद्या दुसऱ्या गावच्या जत्रेत उभा राहतो. दुखावलेलं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात उभं राहतं.