पाण्यात गाडी घालण्याआधी : ६५० मिलिमीटर म्हणजे नक्की किती?

पावसाळा लागला की थार, गुरखा घेतलेल्या मित्रांचे व्हिडिओ सुरू होतात. दोन्ही बाजूंनी पाण्याचे फवारे, मागे दणदणीत गाणं. आजचा भाग त्याच पाण्यावर आहे. बोललेलं नेहमीसारखं थोडं आवरून खाली दिलंय.

सुरुवात आकड्यापासून करू. गाडीच्या माहितीपत्रकात 'वॉटर वेडिंग' म्हणून एक आकडा असतो. २०२० नंतरच्या महिंद्रा थारला तो ६५० मिलिमीटर आहे, फोर्स गुरखाला ७००. ६५० म्हणजे मध्यम उंचीच्या माणसाच्या गुडघ्याच्या वर, साधारण अर्ध्या मांडीपर्यंत. ऐकायला भरपूर वाटतं. पण तो आकडा पाणी संथ आहे, तळ घट्ट आहे आणि गाडी हळू चाललीय, असं गृहीत धरून दिलेला असतो. कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर फंक्शनच्या अटी न वाचता नुसता आउटपुट वापरू नका.

मर्यादा मुळात येते कुठून? इंजिन हवा ओढतं त्या तोंडापासून. डिझेल इंजिनात पिस्टन हवेला साधारण सोळाव्या हिश्श्यापर्यंत दाबतो. २.२ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन धरा. एका सिलिंडरमध्ये ५५० मिलिलिटर जागा, आणि पिस्टन वर गेल्यावर उरते ती जेमतेम ३५ मिलिलिटर. म्हणजे चहाचे सात चमचे. हवा दबते, पाणी दबत नाही. त्याहून जास्त पाणी आत गेलं की पिस्टन मध्येच आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. यालाच हायड्रोलॉक म्हणतात. म्हणून पाण्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्टर मारायचा नाही. पहिल्या वेळी इंजिन कदाचित वाचलेलं असतं, दुसऱ्यांदा किल्ली फिरवल्यावर ते मरतं.

स्नॉर्केल लावला की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. स्नॉर्केलने हवेचं तोंड छतापाशी जातं, एवढंच. गाडी तरंगायची थांबत नाही.

हो, तरंगते! पावणेदोन टनांची गाडीसुद्धा. साधा हिशोब करू. गाडीची लांबी चार मीटर, रुंदी पावणेदोनच्या आसपास. चाकांच्या खाचा, कोपरे वजा करून पाच चौरस मीटर धरा. पाणी गाडीच्या फरशीच्या वर चढलं की दर १० सेंटीमीटरमागे ते अर्धा टन वजन उचलून धरतं, निदान आत पाणी शिरेपर्यंत तरी. गाडी तिथेच असते, पण टायरवरचं वजन जातं, आणि पकड ही सगळी वजनावरच असते. फोर बाय फोरची चारही चाकं फिरतील, पण धरायला काही नसेल. गंमत म्हणजे दारांची रबरं जितकी चांगली, तितकी गाडी लवकर उचलली जाते.

आता वाहतं पाणी. खरा धोका इथेच आहे. पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. गाडीच्या बाजूचा फक्त एक चौरस मीटर भाग पाण्यात आहे असं धरा. पाणी सेकंदाला १ मीटर वाहत असेल तर साधारण ५० किलोचा रेटा बसतो. २ मीटर असेल तर २००, ३ मीटर असेल तर ४५०. सेकंदाला ३ मीटर म्हणजे ताशी ११ किलोमीटर, आपण सकाळी पळतो तेवढाच वेग. काठावरून तो फार वाटत नाही. अमेरिकेच्या हवामान खात्याची नेहमीची सूचना आहे की एक फूट वाहतं पाणी लहान गाड्या ओढून नेऊ शकतं आणि दोन फूट पाणी बहुतेक एसयूव्हीसुद्धा. दोन फूट म्हणजे ६१० मिलिमीटर, थारच्या आकड्याच्या आतच!

आपल्याकडे हा प्रश्न सहसा नदीच्या पात्रात येत नाही, फरशी पुलावर आणि बंधाऱ्यावर येतो. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा किंवा त्यासारखे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे लोक रस्ता म्हणूनच वापरतात. तुमच्या डोक्यावर ऊन असतं, पण वर घाटात पाऊस झालेला असतो. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात, तुम्ही पुलावर आहात की नाही ते बघत नाहीत. फरशी पुलाला बहुतेक वेळा कठडा नसतो, आणि गढूळ पाण्याखाली कडा कुठे संपते ते दिसत नाही. खाली रस्ता आहे हे तरी कशावरून? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, आणि दोन एसटी बस व इतर गाड्या थेट नदीत गेल्या. 'ट्रक गेला ना, मग आपण पण जाऊ' हे तर्कशास्त्र इथे चालत नाही. ट्रकचं वजन वेगळं, आणि तो गेला त्याला दहा मिनिटं झालेली असतात.

माझा नियम साधा आहे : पूल पाण्याखाली आहे आणि पाणी वाहतंय, तर विषय संपला. थांबायचं, चहा प्यायचा.

मग पाण्यात गाडी घालायचीच नाही का? घालायची, पण ओढ्यात, जिथे तळ दिसतो किंवा चालून बघता येतो. हातात काठी घेऊन आधी स्वतः पलीकडे जा. जिथून चालत जाववत नाही तिथून गाडी न्यायची नाही. पात्र रुंद आणि पाणी खळखळतं असेल तर तिथे बहुधा उथळ असतं. शांत, काळपट दिसतं तिथे डोह. स्पिती-लाहौलकडच्या बर्फाच्या नाल्यांना सकाळी लवकर गाठा, दुपारी बर्फ वितळून तेच नाले फुगतात. (आणि ट्रॅफिक टाळायला नदीत गाडी घालू नका. डिसेंबर २०२३ मध्ये एका थारवाल्याने चंद्रा नदीत तेच केलं आणि पोलिसांनी चलान फाडलं.)

उतरण्याआधी पाच-दहा मिनिटं गाडी थंड होऊ द्या. डिफरन्शियल गरम असताना थंड पाण्यात बुडलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. एसी बंद करा, नाहीतर रेडिएटरचा पंखा पाण्यात फिरायला लागेल. सीटबेल्टबद्दल मतं वेगवेगळी आहेत, पण काचा खाली आणि दारं अनलॉक, यात वाद नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत माणसं बंद गाड्यांमध्ये अडकून गेली. बाहेर अर्धा मीटर पाणी आणि आत कोरडं असेल तर एक मीटर रुंद दारावर साधारण १२५ किलोचा दाब असतो. वीज गेली की काचही उतरत नाही.

फोर-लो, पहिला किंवा दुसरा गिअर, माणसाच्या चालीने आत शिरायचं. पुढे एक लाट तयार होते. तिच्यामागे, बॉनेटखाली, पाण्याची पातळी थोडी कमी राहते. त्या लाटेच्या मागेमागे एकाच वेगाने जात राहायचं. ते फवारे उडवणारे लाट फोडून पाणी थेट हवेच्या तोंडाकडे पाठवतात. मध्येच क्लच दाबायचा नाही, गिअर बदलायचा नाही. टो-हुकला दोर आधीच बांधून ठेवा. पाण्याखाली हुक शोधणं हा नंतरचा खेळ नाही.

गाडी अडकली आणि पाणी वाढतंय, तर लगेच बाहेर. सामान, फोन, गाडी, सगळं सोडून. काचेतून निघा, आणि लहान मुलं आधी.

पलीकडे गेल्यावर थोडं अंतर हलका ब्रेक दाबत चालवा, म्हणजे ब्रेक वाळतील. घरी आल्यावर एअर फिल्टर बघा, आणि इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियलचं तेल तपासून घ्या. तेल दुधाळ, चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय, गाडी न चालवता तेल बदला. आणि बऱ्याच जणांनी विचारलं होतं म्हणून : साध्या पॉलिसीत हायड्रोलॉकचं नुकसान बहुधा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे कव्हर वेगळं घ्यावं लागतं. तुमच्या पॉलिसीच्या पानावर ते आहे का, आजच बघून घ्या.