फाटकाबाहेरचा धोका

पुण्यात म्हात्रे पूल म्हटलं की आठवतात ती डीपी रोडवरची मंगल कार्यालयं आणि लग्नसराईतली वाहतूक कोंडी. हे म्हात्रे कोण, हे विचारण्याच्या फंदात फारसं कुणी पडत नाही. रवींद्र म्हात्रे बर्मिंगहॅममधल्या भारतीय सहायक उच्चायुक्तालयात अधिकारी होते. फेब्रुवारी १९८४ च्या सुरुवातीला एका संध्याकाळी काम आटोपून ते घरी निघाले, बसमधून उतरले आणि तिथेच त्यांना पळवून नेण्यात आलं. मुलीच्या वाढदिवसाचा केक त्यांच्या हातात होता. ‘काश्मीर लिबरेशन आर्मी’ असं नाव सांगणाऱ्या टोळीने भारतात कैदेत असलेल्या काश्मिरी फुटीरतावादी मकबूल बटची सुटका आणि खंडणी मागितली आणि दोन-तीन दिवसांतच म्हात्र्यांचा मृतदेह एका आडरस्त्याला सापडला. त्याच महिन्याच्या ११ तारखेला बटला तिहारमध्ये फाशी देण्यात आली.

बर्मिंगहॅम म्हणजे काही बैरुत नव्हतं. बैरुतमध्ये आदल्याच वर्षी, एप्रिल १९८३ मध्ये, अमेरिकी वकिलातीवर बाँबने भरलेली गाडी आदळली होती आणि ६३ माणसं गेली होती. तिथे धोका आहे हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण इंग्लंडातल्या एका कारखानदारीच्या शहरात, जिथे अधिकारी रोज बसने येतात-जातात, तिथे कसला धोका? कचेरीला दार होतं, कुलूप होतं. बसथांबा ते घर या वाटेवर मात्र काहीच नव्हतं.

परदेशातल्या वकिलातींच्या सुरक्षेबद्दल वाचायला लागलं की हीच गोष्ट वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या रूपांत समोर येत राहते. बंदोबस्त भिंतीच्या आतला होतो आणि घाव बहुतेक वेळा बाहेर बसतो.

मुळात वकिलातीचं रक्षण करायचं कुणी? कायद्याने ते यजमान देशाचं काम. राजनैतिक संबंधांविषयीच्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराचं २२ वं कलम दोन गोष्टी सांगतं. वकिलातीच्या प्रमुखाच्या परवानगीशिवाय यजमान देशाच्या पोलिसांनी आत पाऊल टाकायचं नाही. आणि त्याच पोलिसांनी बाहेर उभं राहून आतल्यांना घुसखोरी व नासधूस यांपासून वाचवायचं. म्हणजे पहिली भिंत विटांची नसते, यजमानाच्या इच्छेची असते. मार्च २०२३ मध्ये लंडनच्या आपल्या उच्चायुक्तालयावर खलिस्तानवादी जमाव चालून गेला आणि तिरंगा खाली ओढला गेला, तेव्हा ब्रिटिश पोलीस होते कुठे, असा प्रश्न भारताने जाहीरपणे विचारला. तीन दिवसांनी दिल्लीत चाणक्यपुरीतल्या ब्रिटिश उच्चायुक्तालयासमोरचे बॅरिकेड उचलले गेले. अशा गोष्टी कुणी पत्रक काढून सांगत नाही, पण ज्याला समजायचं त्याला समजतं.

आता ‘धोक्याची पातळी’ म्हणजे काय ते पाहू. आपलं परराष्ट्र खातं आपल्या वकिलातींची वर्गवारी चव्हाट्यावर मांडत नाही, आणि ते बरोबरच आहे. अमेरिकेची पद्धत मात्र चौकशी अहवालांतून बरीच बाहेर आली आहे. तिथे प्रत्येक शहरातल्या वकिलातीला दहशतवाद, राजकीय हिंसाचार, गुन्हेगारी, हेरगिरी अशा सदरांखाली वेगवेगळा शेरा मिळतो: कमी, मध्यम, जास्त किंवा अतिगंभीर. पहारेकरी किती, खिडक्यांना काचा कसल्या, गाडी साधी की चिलखती, पैसा आधी कुणाला, हे सगळं त्या शेऱ्यावर ठरतं. म्हणजे हा नुसता अंदाज नाही, अंदाजपत्रक आहे.

नैरोबीत यातलं काय चुकलं ते फार स्पष्ट दिसलं. तिथली अमेरिकी वकिलात शहरातल्या अत्यंत गजबजलेल्या चौकात, रस्त्याला खेटून उभी होती. बैरुतनंतर अॅडमिरल इनमन यांच्या समितीने १९८५ मध्ये सांगून ठेवलं होतं की, इमारत आणि रस्ता यांत निदान १०० फूट अंतर हवं. नैरोबीची इमारत त्याआधीची. राजदूत प्रूडन्स बुशनेल यांनी ही जागा धोक्याची आहे, नवी इमारत द्या, असं वॉशिंग्टनला पुन्हा पुन्हा कळवलं. पण दहशतवादाच्या सदरात नैरोबीचा शेरा होता ‘मध्यम’ आणि शेजारच्या टांझानियातल्या दार-ए-सलामचा तर ‘कमी’. पैसा ‘जास्त’वाल्यांकडे जात होता.

७ ऑगस्ट १९९८ च्या सकाळी दोन्ही वकिलातींवर काही मिनिटांच्या अंतराने बाँबने भरलेल्या गाड्या फुटल्या. एकूण २२४ माणसं गेली. त्यांतले अमेरिकी १२, बाकी जवळजवळ सगळे आफ्रिकी: वकिलातीचे स्थानिक कर्मचारी, शेजारच्या कोसळलेल्या इमारतीतली माणसं, रस्त्याने चाललेले, बसमध्ये बसलेले.

नैरोबीतला एक तपशील मला कुठल्याही आकड्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. मागच्या बाजूच्या पहारेकऱ्याने गाडीला फाटक उघडलं नाही. तेव्हा हल्लेखोरांपैकी एकाने उतरून हातबाँब फेकला. तो आवाज ऐकून वकिलातीतले आणि आसपासच्या इमारतींतले लोक काय झालं ते पाहायला खिडक्यांपाशी आले. माणूस तेच करणार; आपल्याकडे रस्त्यावर मोठा आवाज झाला तर गॅलऱ्या भरायला किती वेळ लागतो? आणि मग मुख्य स्फोट झाला. काचांनी किती जणांचे चेहरे फाटले, किती जणांचे डोळे गेले. नंतर अॅडमिरल क्रो यांच्या चौकशी मंडळाने शिफारशी केल्या, त्यांत कोट्यवधी डॉलरच्या नव्या इमारती होत्याच. पण गाडीबाँबसाठी वेगळा भोंगा हवा आणि तो वाजताच खिडकीपासून लांब जाऊन खाली पडायची रंगीत तालीम हवी, हेही होतं. दुसऱ्या गोष्टीला फारसा पैसा लागत नाही. शेऱ्यांबद्दल मंडळाने जे म्हटलं त्याचा मथितार्थ असा की, विशिष्ट धमकी कानावर आलेली नाही म्हणजे धोका नाही, असं धरून चालणं चूक होतं. शेरा आदल्या घटनांवरून ठरत होता आणि नैरोबीच्या खात्यावर आदली घटना नव्हती.

यानंतर १०० फुटांचं अंतर अमेरिकेत कायद्यातच आलं. वकिलाती शहराच्या मध्यातून उठून कडेला, किल्ल्यासारख्या बंदिस्त आवारांत गेल्या. आतल्यांसाठी हे निःसंशय चांगलं झालं. बाहेरच्यांचं काय झालं ते काबूलमध्ये आपणच अनुभवलं.

७ जुलै २००८ ला सकाळी साडेआठच्या सुमारास काबूलच्या भारतीय वकिलातीच्या फाटकावर आत्मघाती गाडी आदळली. ब्रिगेडियर रवी दत्त मेहता आणि परराष्ट्र सेवेतले वेंकटेश्वर राव नेमके त्याच वेळी आत शिरत होते. ते दोघे आणि भारत-तिबेट सीमा पोलिसांचे दोन जवान गेले. पण मृतांचा आकडा ५८ होता आणि त्यांत सर्वांत जास्त होते ते साधे अफगाण: रस्त्यावरून जाणारे आणि व्हिसासाठी भल्या सकाळपासून फाटकाबाहेर रांग लावलेले. त्यानंतर तटबंदी भक्कम करण्यात आली. ८ ऑक्टोबर २००९ ला दुसरा हल्ला झाला तेव्हा तिने आपलं काम चोख केलं. आतले सगळे वाचले, काही जवान जखमी झाले. बाहेर १७ माणसं मेली. भिंत जितकी पक्की तितका स्फोट रस्त्याकडे वळतो, हे इंजिनिअरला नव्याने सांगायला नको. व्हिसाची रांग कुठे लावायची, तिला आडोसा कसला द्यायचा, की रांगच नको म्हणून काम दुसऱ्या जागी हलवायचं, हाही सुरक्षेचाच प्रश्न आहे. तो ‘सोय-गैरसोय’ या सदरात टाकला जातो ही चूक.

शेरा झाला. आता आराखडा.

वकिलातीचा आपत्कालीन आराखडा ही जाडजूड फाइल असते आणि बरीचशी कंटाळवाणी. कुणी कुणाला फोन करायचा, नागरिकांना कुठे जमवायचं, पाणी-डिझेल किती दिवसांचं, कोणते कागद आधी नष्ट करायचे. शेवटच्या मुद्द्याला हसू नका. तेहरानमध्ये नोव्हेंबर १९७९ मध्ये जमाव अमेरिकी वकिलातीत शिरला तेव्हा अमेरिकनांनी कागद यंत्रात घालून उभ्या पट्ट्या केल्या होत्या. इराण्यांनी गालिचे विणणारी माणसं बसवून त्या पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या आणि त्यांचे खंडच्या खंड छापून काढले. कागदाचा भुगा करणारी यंत्रं कशाला लागतात, ते यावरून कळावं.

या फाइलमधला खरा जीव असतो तो आधीच आखलेल्या रेषांमध्ये. अमेरिकी अधिकारी त्यांना ‘ट्रिपवायर’ म्हणतात, म्हणजे पायात अडकावी म्हणून आडवी बांधलेली तार. परदेशी विमान कंपन्यांनी उड्डाणं थांबवली, फाटकावरचे यजमान पोलीस दिसेनासे झाले, अमुक शहर पडलं, असं काही घडलं की काय करायचं ते आधीच लिहिलेलं असतं. पहिल्या तारेला कुटुंबांना परत पाठवायचं, दुसरीला ज्यांच्यावाचून काम अडत नाही त्यांना. तिसरीला गाशा गुंडाळायचा. यातही पायऱ्या आहेत. आधी सरकार म्हणतं, ज्यांना जायचंय त्यांनी सरकारी खर्चाने जावं. मग म्हणतं, आता जायचंच, विचारत नाही. हे शांत वेळी लिहून ठेवायचं कारण साधं आहे. ऐन वेळी निर्णयात अभिमान शिरतो, वरिष्ठांची मर्जी शिरते, आणि ‘आपण हललो तर यजमान सरकारचं अवसान गळेल’ हा विचार शिरतो.

हा शेवटचा विचार खोटा नसतो, म्हणूनच घातक. सायगावमध्ये एप्रिल १९७५ मध्ये अमेरिकी राजदूत ग्रॅहॅम मार्टिन त्यातच अडकले. वकिलातीच्या आवारात एक मोठं चिंचेचं झाड होतं. मोठी हेलिकॉप्टर उतरवायची तर ते तोडणं भाग होतं. झाड पडलेलं दिसलं की शहराला कळेल अमेरिका निघाली, म्हणून मार्टिन कुऱ्हाड लावू देईनात. ते पडलं ते २९ तारखेला, विमानतळावर तोफांचा मारा सुरू झाल्यावर. त्याच दिवशी रेडिओवर ठरलेला गुप्त संकेत दिला गेला: ‘सायगावचं तापमान १०५ अंश आणि वाढतंय’ आणि मागोमाग नाताळचं गाणं. एप्रिलच्या उकाड्यात! शहरात तो संकेत बहुतेक पत्रकारांना आधीच पाठ होता. हजारो लोक हेलिकॉप्टरने निघाले, पण वकिलातीच्या आवारात शेवटी शेकडो व्हिएतनामी ताटकळत राहिले.

त्या मानाने २०२१ मध्ये अफगाणिस्तानात आपण निघालो ते टप्प्याटप्प्याने. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कंदाहारच्या वाणिज्य दूतावासातले भारतीय कर्मचारी हवाई दलाच्या विमानाने परत आले. १० ऑगस्टला मझार-ए-शरीफ रिकामं झालं. ‘बंद’ हा शब्द कुणी वापरला नाही. कर्मचाऱ्यांना ‘तात्पुरतं’ परत आणलंय, असं सांगण्यात आलं. १५ तारखेला काबूल पडलं तेव्हा एकच ठिकाण सोडायचं उरलं होतं. तेही सोपं नव्हतं. जे सरकार फाटक राखायचं ते सरकारच त्या दुपारी नाहीसं झालं होतं. विमानतळापर्यंतच्या काही किलोमीटरना कित्येक तास लागले आणि वाट काढून दिली ती तालिबानच्याच बंदूकधाऱ्यांनी. १७ ऑगस्टला राजदूत रुद्रेंद्र टंडन उरलेल्यांसह सी-१७ विमानाने निघाले. सोबत भारत-तिबेट सीमा पोलिसांचे माया, रूबी आणि बॉबी हे तीन श्वानही होते.

वकिलातीतली माणसं ठरलेल्या क्रमाने हलवता येतात. देशभर पांगलेले नागरिक असे हलत नाहीत. धोक्याची माहिती त्यांना केव्हा आणि कोणत्या शब्दांत द्यायची, याला एक कडू इतिहास आहे. डिसेंबर १९८८ मध्ये हेलसिंकीच्या अमेरिकी वकिलातीत निनावी फोन आला की पॅन अॅमच्या विमानात बाँब ठेवला जाणार आहे. ही सूचना मॉस्कोच्या वकिलातीत फलकावर लागली. सामान्य प्रवाशांना कुणी सांगितलं नाही. २१ डिसेंबरला लॉकर्बीवर पॅन अॅमचं विमान फुटलं, २७० माणसं गेली. त्या फोनचा आणि बाँबचा संबंध नव्हता, असाच निष्कर्ष पुढे निघाला. तरी लोकांचा संताप रास्त होता. १९९० च्या कायद्यानंतर अमेरिकेत नियम झाला: जी धमकी आपल्या कर्मचाऱ्यांना सांगाल, ती जनतेलाही सांगा.

युक्रेनमधल्या आपल्या कीव्हच्या वकिलातीने १५ फेब्रुवारी २०२२ ला सूचना काढली. ज्यांचं राहणं अत्यावश्यक नाही त्यांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरतं देश सोडण्याचा ‘विचार करावा’. २२ तारखेच्या सूचनेत ऑनलाइन वर्गांबाबत विद्यापीठाच्या उत्तराची वाट पाहू नका, निघा, असं होतं. २४ तारखेला पहाटे रशियाचा हल्ला झाला आणि आकाश बंद झालं. मधल्या नऊ दिवसांत विद्यार्थी काय हिशेब करत होते ते महाराष्ट्रातल्या कित्येक घरांना माहीत आहे: हजेरी बुडाली तर वर्ष जातं, तिकीट महागलंय, आणि पत्रात तर नुसतं ‘विचार करावा’ लिहिलंय. सरकारी भाषेत तो जवळजवळ आदेश असतो. घरी तो सल्ला म्हणून वाचला जातो. २ मार्चला खारकीव्हमधल्या मुलांना संध्याकाळी सहाच्या आत शहर सोडा, वाहन नसेल तर चालत निघा, असं सांगावं लागलं. तेव्हा शब्द नेमके होते, पण रस्ते राहिले नव्हते. पुढे ‘ऑपरेशन गंगा’त शेजारच्या देशांतून विमानं आली, साडेबावीस हजारांच्या आसपास भारतीय परतले, आणि वकिलात स्वतः काही काळ पोलंडमध्ये गेली. येमेनमधल्या युद्धाच्या वेळी, २०१५ मध्ये, तर सूचना महिनोन्‌महिने आधीपासून निघत होत्या. पण ज्या परिचारिकांचे पासपोर्ट मालकाच्या कपाटात आणि पगार थकलेले, त्यांनी त्या सूचनेचं करायचं काय?

स्थानिक कर्मचारी तर कुठल्याच रकान्यात नीट बसत नाहीत. दुभाषे, चालक, माळी, फाटकावर पहिली झडती घेणारे: वकिलातीचं रोजचं काम त्यांच्यावर चालतं. परतीच्या विमानात मात्र त्यांची जागा गृहीत धरलेली नसते, कारण त्यांचा देश तोच. जून २०२२ मध्ये भारताने काबूलला पुन्हा एक तांत्रिक पथक पाठवलं. त्या वेळी परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं, की मधल्या काळात तिथले स्थानिक कर्मचारी काम करत राहिले होते आणि आपल्या वास्तूची देखभाल त्यांनीच केली होती.