झाकण उघडायचं नाही

थर्माकोलच्या खोक्याला बसवलेल्या काचेवर नाक टेकून ओम बसलाय. त्याच्या श्वासानं काच धुरकटते, तो बाहीनं पुसतो, पुन्हा बघतो. आत पिवळा बल्ब, कॉम्प्युटरमधला जुना पंखा, कोपऱ्यात पाण्याच्या वाट्या आणि जाळीवर गावरान अंडी. बाहेर लाल आकडा दिसतोय, ३७.६. येताजाता वहिनीची नजर त्या आकड्यावर जाते.

आज एकविसावा दिवस. अठराव्या दिवसापर्यंत वहिनी दिवसातून तीनदा प्रत्येक अंडं फिरवत होती. एका बाजूला पेन्सिलीची फुली, दुसऱ्या बाजूला गोल, म्हणजे गफलत नको. फिरवलं नाही तर गर्भ कवचाला आतून चिकटतो. सातव्या दिवशी मोबाईलच्या टॉर्चवर धरून तिनं अंडी पाहिली. लाल शिरांचं जाळं दिसलं ती ठेवली, कोरी निघाली ती काढली. आता फिरवणं बंद, वाट्या मात्र एकीच्या दोन. आतला दमटपणा सत्तरच्या आसपास हवा.

"आत्या, ऐका!" वहिनी हाक मारते. अंड्यातून चिवचिव येतेय. कवच अजून अखंड आहे. पिल्लानं आतला पापुद्रा फोडून रुंद टोकाकडच्या हवेच्या पोकळीत चोच घातलीय, तिथली हवा घेऊन ते बोलतंय.

आई दारातूनच म्हणते, "आमच्या खुडूक कोंबडीला कुठं व्हतं बटन?"

दुपारी एका अंड्यावर चांदणीसारखा तडा जातो. मग काहीच नाही. तास जातो, दुसरा जातो. ओमची चुळबुळ सुरू होते. "काकी, त्याला जरा सोलूया ना." वहिनी त्याचा हात धरते. झाकण उघडलं की दमट हवा निसटते, पापुद्रा वाळतो आणि पिल्लाच्या अंगाला चिकटून बसतो. शिवाय पापुद्र्यातलं रक्त अजून पिल्लाच्या अंगात परतायचंय, बलकाची पिशवी बेंबीतून पोटात ओढली जायचीय. घाईनं सोललं तर रक्तच येणार. मदत करायची हौस माणसालाच फार.

साडेचारला लाईट जाते. वहिनी वैतागून दोन शिव्या घालते आणि गोधडी खोक्यावर पांघरते, पण बाजूची हवेची भोकं मोकळी ठेवते. आतल्या जिवांना आता वाराही जास्त लागतो. आकडा बंद पडल्यामुळे खोलीतले सगळेच उगाच हळू बोलू लागतात. लाईट परत येते तेव्हा ३६.१.

तड्याचं अंडं हललं! चोचीच्या टोकावर पांढरा टिपका आहे, तोच त्याचा करवतीचा दात. काही दिवसांत गळून पडेल. पिल्लू आत फिरत फिरत कवच कडेनं कापत येतं, थांबतं, धापा टाकतं, मग पायांनी रेटा देतं. टोपण उडतं. बाहेर पडलेला जीव ओला, चिपचिपीत, मान टाकलेला. ओमचा चेहरा पडतो. "हेच का पिल्लू?"

अंधार पडेपर्यंत आणखी बरीच फुटतात. पहिलं आता वाळून पिवळंधमक झालंय आणि भावंडांची अंडी लाथाडत हिंडतंय. एका अंड्याचा तडा मात्र निमुळत्या टोकाला आहे. वहिनी ते बघते, काही बोलत नाही. त्यातली हालचाल रात्री थांबते.

वाळलेली पिल्लं एकदाच झाकण उघडून पटापट काढायचं ठरतं. पुठ्ठ्याच्या खोक्यात भुसा, त्यावर पोतं. वर्तमानपत्र गुळगुळीत, त्यावर पाय फाकतात. वर बल्ब. पिल्लं त्याच्याखाली गोळा होऊन कालवा करतात, तशी वहिनी बल्ब वीतभर खाली घेते. ती पांगतात. पोटात बलक असल्यामुळे खायची घाई नाही, पण पाणी हवं. पसरट झाकणीत गुळाचं पाणी, त्यात खडे, म्हणजे कुणी बुडायचं नाही. वहिनी एकेकाची चोच पाण्यात टेकवते. पिल्लू दचकतं, मग मान वर करून घोट गिळतं.

मक्याचा भरडा आणायला ती आत जाते, परत येऊन मोजते. पुन्हा मोजते.

"ओम, दोन कुठायत?"

ओम परसाकडे बोट दाखवतो. तिकडून आईचा आवाज येतो, "बोंबलू नगंस. कोंबडी कवाची रिकाम्या पाटीत बसून हाय. अंधारात दिली सरकवून पंखाखाली. घेतली तिनं."