पासवर्ड आहेच की, फक्त टाकावा लागत नाही!

शरणपूर रोडवरचं वकिलाचं ऑफिस असो, कॉलेज रोडवरचा क्लास असो की अंबड एमआयडीसीतलं छोटं वर्कशॉप, नाशिकमध्ये हे वाक्य सारखं कानावर पडतं. कॉम्प्युटर चालू केला की थेट डेस्कटॉप. वर कौतुकाने सांगणार, "पासवर्ड आहेच की, फक्त टाकावा लागत नाही. सेटिंग करून घेतलंय." अहो, तुम्ही टाकत नाही म्हणजे तुमच्या वतीने विंडोज टाकतं, आणि त्यासाठी तो कुठेतरी ठेवलेला असतो. कुठे आणि कसा, हे कोणी विचारत नाही.

व्हिडिओ बघून सर्रास केली जाणारी पद्धत अशी: विंडोजची सेटिंग्ज जिथे साठतात त्या रजिस्ट्रीतल्या 'विनलॉगऑन'मध्ये जायचं, 'ऑटोॲडमिनलॉगऑन' १ करायचं आणि 'डिफॉल्टपासवर्ड' या नोंदीत पासवर्ड लिहायचा. अक्षरशः लिहायचा, कुणालाही वाचता येईल असा. त्या कॉम्प्युटरवर साधं खातं असलेला ऑफिसबॉयही ती नोंद उघडून पाहू शकतो. ॲडमिन असावं लागत नाही. खोटं वाटत असेल तर मायक्रोसॉफ्टचीच माहितीपत्रं वाचा. पासवर्ड साध्या मजकुरात राहतो आणि कॉम्प्युटरपाशी पोचलेल्या माणसाच्या हाती त्यातलं सगळं, जोडलेल्या नेटवर्कसकट, लागू शकतं, असा इशारा त्यांनीच दिला आहे. लॉगिन मायक्रोसॉफ्ट खात्याचं असेल तर तोच पासवर्ड तुमच्या आउटलुकचा आणि वनड्राइव्हचाही असतो, हे वेगळंच.

"आम्ही रजिस्ट्रीला हात लावला नाही, 'नेटप्लविझ' या खात्यांच्या खिडकीतली पासवर्ड विचारण्याची टिक काढली." बरं केलंत. त्यात पासवर्ड उघडा राहत नाही, एलएसए नावाच्या राखीव जागेत एन्क्रिप्ट होऊन जातो. मार्क रुसिनोविच यांचं, सिसइंटर्नल्स संचातलं 'ऑटोलॉगऑन' हे साधनही हेच करतं. पण ॲडमिन अधिकार असलेल्याला तो सहज उलगडता येतो, असं त्या साधनाच्या माहितीतच लिहिलेलं आहे. त्यात नवल काय? माणसाला न विचारता विंडोजला तो उलगडायचा, तर उलगडण्याची सोयही त्याच मशीनमध्ये असणार.

बाकीचे समज किरकोळ. ऑटो लॉगिनने कॉम्प्युटर फास्ट होतो? नाही, फक्त टायपिंगचे दोन सेकंद वाचतात. झोपेतून उठल्यावर पासवर्ड मागतो म्हणजे सेटिंग बिघडलं? नाही, ते सेटिंगच वेगळं. विंडोज ११ मध्ये नेटप्लविझमधली टिकची चौकट दिसत नाही? साइन-इन ऑप्शन्समधला 'फक्त विंडोज हॅलो' हा पर्याय बंद करा. आणि टिक काढताना पिन नव्हे, खात्याचा पासवर्ड द्यावा लागतो. पासवर्डच काढून टाकला तर? मग विंडोज त्या खात्याला नेटवर्कवरून आत घेत नाही, आणि शेजारच्या टेबलावरून शेअर फोल्डर का उघडत नाही म्हणून तुम्ही डोकं धरून बसता. डिस्क एन्क्रिप्ट करणारा बिटलॉकर आहे म्हणून निर्धास्त? डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तर तो उपयोगी. अख्खा लॅपटॉप चोरीला गेला तर बहुतेक ठिकाणी बिटलॉकर सुरुवातीलाच आपोआप उघडतो, आणि पुढचं काम तुमचं ऑटो लॉगिन करतं.

ऑटो लॉगिन वाईटच, असं मी म्हणत नाही. वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर किंवा दवाखान्यातला टोकन दाखवणारा स्क्रीन लाइट जाऊन आल्यावर कुणी न येता सुरू व्हायला हवा. तिथे ते लावा; मात्र ॲडमिन अधिकार नसलेलं, मेल-बँक काहीही न जोडलेलं वेगळं खातं करून. डिजिटल सिग्नेचरचं टोकन कायम खोचून ठेवलेल्या कर सल्लागाराच्या मशीनवर मात्र अजिबात नको. टायपिंगचाच कंटाळा असेल तर पिन किंवा बोटाचा ठसा आहे की. पिन त्या एका मशीनपुरताच चालतो.

ऑटो लॉगिन आधीच लावून बसला असाल, तर नेटप्लविझमध्ये टिक परत करा, रजिस्ट्रीत 'डिफॉल्टपासवर्ड' राहिलाय का ते बघून पुसा आणि मग पासवर्ड बदला. ज्याने सेटिंग करून दिलं, त्यालाही तो माहीत आहे.