विश्लेषण : गणपतीपुळ्यातल्या बुकिंग ॲपला पेटंट मिळेल का?

अंगारकीला गणपतीपुळ्यात ऐनवेळी खोली मिळाली तर बाप्पा पावला म्हणायचे. समजा, ‘घरगुती राहण्याची सोय’ अशी पाटी असलेल्या एखाद्या घरातल्या इंजिनीअर मुलीने गावातल्या रिकाम्या खोल्या एकाच ठिकाणी दाखवणारे ॲप बनवले. पुढच्या हंगामात मोठ्या कंपनीने तीच कल्पना उचलली, तर तिच्या हाती काय? पेटंट तर बहुधा नाहीच.

कायदा काय सांगतो?

पेटंट कायदा १९७० चा. २००२ च्या दुरुस्तीने त्यात कलम ३(के) आले. त्यानुसार गणिती किंवा व्यवसायाची पद्धत, अल्गोरिदम आणि ‘पर से’, म्हणजे निव्वळ, संगणक प्रोग्राम यांना पेटंट नाही. डिसेंबर २००४ मध्ये केंद्राने वटहुकूम काढून हे दार किलकिले केले. प्रोग्रामचा उद्योगात तांत्रिक वापर असेल किंवा हार्डवेअरशी जोड असेल तर पेटंट, अशी ती सवलत होती. २००५ मध्ये संसदेने कायदा करताना ती वगळली.

मग वाद उरला ‘पर से’ या दोन शब्दांचा. फरीद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये म्हटले, की शोध प्रोग्रामवर आधारलेला आहे एवढ्यावरून पेटंट नाकारता येणार नाही. त्यातून ‘तांत्रिक परिणाम’ साधतो का, ते पाहावे लागेल.

खोल्यांचे बुकिंग ही व्यवसायाची पद्धत, त्यामुळे ती इथेच अडकते. पण त्याच किनाऱ्यावर पर्यटक समुद्रात ओढले जाण्याच्या घटनाही घडतात. पाण्यातल्या सेन्सरकडून प्रवाहाचा वेग घेऊन, नव्या पद्धतीने धोका आधीच ओळखून भोंगा वाजवणारी यंत्रणा कोणी बनवली, तर तिचा दावा बराच भक्कम ठरेल. मेंदू सॉफ्टवेअरचाच असला तरी.

सैल कायद्याचा धोका

अमेरिकेत ॲमेझॉनला १९९९ मध्ये ‘एका क्लिकवर खरेदी’चे पेटंट मिळाले. त्याच वर्षी तिने बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्या कंपनीला कोर्टात खेचले. हे पेटंट २०१७ पर्यंत टिकले. असा कायदा इथे असता, तर गावातल्या ॲपला ‘बुक करा’चे बटण ठेवतानाही वकील गाठावा लागला असता. कडक कलमाचा फायदा छोट्यांनाच जास्त, तो असा.

कॉपीराइट मात्र कोड लिहिताक्षणी मिळतो, नोंदणी नसली तरी. तो लेखकाच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षे टिकतो. पेटंट २० वर्षांचे. पण कॉपीराइट लिहिलेल्या कोडला असतो, कल्पनेला नाही. कंपनीने स्वतःचा कोड लिहून तसेच ॲप काढले, तर तक्रारीला जागा नाही.

भोंग्यासारखे काही हाती असेल, तर ते जगाला दाखवण्याआधी अर्ज करावा. आधीच उघड झालेल्या गोष्टीचे नावीन्य संपते. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईत अँटॉप हिलच्या कार्यालयाकडे जातात, तेही ऑनलाइन. व्यक्ती आणि स्टार्टअपसाठी अर्जाचे मूळ शुल्क १,६०० रुपये. तपासणीचे शुल्क आणि वकिलाची फी वेगळी.