काष्ठमूर्तींचे मूळ कसे ओळखावे?

आपल्या जुन्या चर्चमधील एखाद्या संतमूर्तीविषयी ‘ही युरोपातून आलेली आहे’ असे विधान पुष्कळदा सहज केले जाते. ते कधी खरे असते, कधी केवळ परंपरेने चालत आलेले असते. मूर्ती जतन करावी, रंगवावी की अडगळीत ठेवावी, हे निर्णय मात्र अशाच विधानांवर अवलंबून राहतात. म्हणून युरोपातील काष्ठमूर्ती घडत कशा आणि त्यांचा उगम कोणत्या खुणांवरून ताडता येतो, याचा प्रस्तुत लेखात आम्ही थोडक्यात विचार करीत आहोत.

पहिला प्रश्न असा की मूर्ती खरोखर लाकडाची आहे काय? एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या सँ-सुल्पीस परिसरातील दुकानांतून साच्यात ओतलेल्या प्लास्टरच्या मूर्ती जगभर गेल्या. रंगाचा टवका उडालेल्या जागी पाहावे. आत सर्वत्र पांढरेच दिसले तर ते प्लास्टर. पांढऱ्या रंगाचा पातळ थर व त्याखाली लाकडाचे तंतू दिसले तर ती काष्ठमूर्ती होय.

दुसरा प्रश्न लाकडाच्या जातीचा. कारागीर सामान्यतः जवळ मिळणारे लाकूड वापरी. बेल्जियम, हॉलंड व उत्तर जर्मनीत ओक. दक्षिण जर्मनीत मऊ व एकसारख्या पोताचे लिंडेन. आल्प्सच्या टिरोल भागात तेथील पाइन. इटलीत पॉप्लर व अक्रोड. स्पेनमध्ये सीडर, सायप्रस व पाइन. फाइट श्टोस याने १४७७ ते १४८९ या काळात क्राकूव्ह येथे घडविलेल्या भव्य वेदीशिल्पात मूर्ती लिंडेनच्या, तर चौकट ओकची आहे. मात्र केवळ लाकडावरून निवाडा करता येत नाही. बाल्टिक प्रदेशातील ओक जहाजांनी दूरच्या बंदरांत जात असे.

तिसरी खूण घडणीची. लाकूड वाळताना वलयांच्या दिशेने अधिक व केंद्राच्या दिशेने कमी आकसते; त्यामुळे अखंड ओंडका बाहेरून चिरतो. हे टाळण्यासाठी मध्ययुगीन शिल्पी मूर्तीची पाठ पोखरून मधला गाभा काढून टाकीत. अशी पोकळ पाठ दिसली तर मूर्ती भिंतीला किंवा वेदीच्या चौकटीला टेकून उभी करण्यासाठी घडविली होती, असे समजावे. मिरवणुकीची मूर्ती चहूबाजूंनी कोरलेली असे. कोरताना ठोकळा दोन टोकांत आडवा अडकवीत. त्याचे भोक डोक्याच्या माथ्यावर व तळाशी, पुष्कळदा खुंटीने बुजविलेले, आढळते.

कोरीव काम झाले की सांध्यांवर व गाठींवर तागाचे कापड चिकटवून सरसात कालविलेल्या भुकटीचा लेप देत. ही भुकटी आल्प्सच्या उत्तरेस बहुधा खडूची, दक्षिणेस जिप्समची असे. त्यावर लाल मातीचा हात, सोन्याचा वर्ख आणि शेवटी रंग. स्पेनमध्ये वर्खावर रंग देऊन तो नक्षीदार खरवडीत, म्हणजे खालचे सोने वस्त्राच्या जरीसारखे चमके. कोरणारा व रंगविणारा हे बहुधा भिन्न असत. सेव्हिल येथील ‘दयेचा ख्रिस्त’ ही क्रूसावरील मूर्ती मोंतान्येस याने १६०३ नंतरच्या काही वर्षांत कोरली, आणि तिला रंग पाचेको या चित्रकाराने दिला. उलट जर्मनीच्या रीमेनश्नायडरने काही मूर्ती मुद्दाम रंगाविना ठेवल्या. म्हणून रंग नाही, याचा अर्थ तो कोणी खरवडला, असा होत नाही.

चौथी खूण शिक्क्यांची. पंधराव्या व सोळाव्या शतकांत अँटवर्प येथील कारागीर-संघ तपासणीनंतर लाकडावर हाताचा पंजा उमटवी; ब्रुसेल्समध्ये कोरीव कामासाठी हातोडीचा शिक्का असे. असा ठसा हा बळकट पुरावा होय. तो नसल्यास मात्र काहीच सिद्ध होत नाही.

अलीकडच्या शंभर-दीडशे वर्षांतील मूर्तींबाबत दोन स्थळे ध्यानात ठेवावीत. एक बव्हेरियातील ओबरआमरगाउ. १६३३ च्या साथीत केलेल्या नवसामुळे जे दुःखसहन-नाट्यासाठी प्रसिद्ध आहे, तेच गाव काष्ठशिल्पासाठीही. दुसरे टिरोलमधील ग्रोडेन अर्थात वाल गार्देना हे खोरे. ते पूर्वी ऑस्ट्रियाचे होते. १९१९ च्या तहाने इटलीकडे गेले. त्यामुळे एका मूर्तीवर ‘ऑस्ट्रिया’ व दुसरीवर ‘इटली’ असले तरी दोन्ही एकाच खोऱ्यातील असू शकतात. मात्र तेथील ‘इटली’ लिहिलेली मूर्ती त्या तहानंतरचीच. तेथे विसाव्या शतकात मूळ नमुन्यावरून एकाच वेळी अनेक प्रती कोरणारी यंत्रे आली. अखेरचा हात आणि रंग कारागिराचे. एकसारख्या दोन मूर्ती आढळल्या तर या पद्धतीचा संशय घ्यावा.

रंगावरून काळ ठरविताना सावध असावे. टायटॅनियमचा पांढरा रंग १९२० च्या सुमारासच बाजारात आला. परंतु तो आढळला तर फक्त ते रंगकाम त्यानंतरचे ठरते, मूर्ती नव्हे.

आता आपल्याकडे. सागवान युरोपात होत नाही. तेव्हा गोव्यातील एखादी ‘पोर्तुगालहून आलेली’ मूर्ती सागवानी निघाली, तर ती बहुधा येथल्याच कारागिराच्या हातची असणार. तिला युरोपीय म्हणत राहणे म्हणजे ज्याने ती घडविली त्याचे श्रेय दुसऱ्यास देणे होय. सुंदर ते परक्याचेच, ही समजूत धर्मशिक्षणातही शिरते. ती दूर करणे आपल्या हाती आहे.

म्हणून सर्व धर्मगुरूंस व धर्मशिक्षकांस आमची विनंती अशी: मूर्ती पाण्याने धुऊ नये, खरवडू नये, तिच्यावर घरगुती तैलरंग चढवू नये. जुना थर एकदा गेला की त्याबरोबर तिची साक्षही गेली. पाठ, तळ व तुटलेल्या जागा यांची छायाचित्रे घेऊन मूर्ती केव्हा व कोणाकडून आली याविषयी जे ज्ञात आहे ते दप्तरात नोंदवावे. १९८३ च्या कॅनन कायद्याचे ११८९ वे कलमही हेच सुचविते: प्राचीनता, कला वा भक्ती यांमुळे मौल्यवान असलेल्या मूर्तीची दुरुस्ती धर्माधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीवाचून करू नये, आणि परवानगी देण्यापूर्वी त्यांनी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. रंगाऱ्याला बोलावण्याआधी हे कलम वाचावे.